कोशात अळीचं ‘सूप’ होतं म्हणे!

सध्या एक मोटिव्हेशनल रील सगळीकडे फिरतंय. कोशात गेलेली अळी म्हणे पूर्ण विरघळते, तिचं नुसतं सूप उरतं आणि त्या सुपातून फुलपाखरू नव्याने तयार होतं, तेव्हा तुम्हीही जुनं सगळं पुसून नवी सुरुवात करा वगैरे वगैरे. त्यात थोडं खरं आहे, बाकी फेकाफेक. आणि ही फेकाफेक बघितली की मला हटकून जर्मन चित्रकार मारिया सिबिला मेरियन आठवते, कारण साडेतीनशे वर्षांपूर्वी या बाईने अळ्यांकडे जितकं नीट बघितलं तितकं आपण आजही बघत नाही.

मारियाचा जन्म 1647 चा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. सावत्र वडील चित्रकार, त्यामुळे रंग-ब्रश घरातच. तेराव्या वर्षी तिने रेशमाचे किडे पाळायला घेतले आणि मग जी मिळेल ती अळी घरी आणायची, तिला तिचाच पाला खायला घालायचा, रोज बघायचं आणि काढायचं हा उद्योग जन्मभर चालला. तेव्हा किडे चिखलातून, सडक्या मांसातून आपोआप होतात असं भलेभले शिकलेले लोक मानायचे. झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हा इटलीतल्या फ्रान्चेस्को रेदीचा प्रयोग आला तोच मुळी 1668 साली. 1679 मध्ये मारियाचं सुरवंटांवरचं पुस्तक निघालं, 50 चित्रांचं. बाकीचे चित्रकार फुलपाखरू काढायचे ते टाचणीला टोचलेलं नाहीतर फुलदाणीची शोभा म्हणून. हिने एकाच झाडाच्या फांदीवर अंडी, अळी, कोश आणि फुलपाखरू असं सगळं एकत्र मांडलं, आणि झाडही कुठलंही नाही, ती अळी जे झाड खाते तेच. कुरतडलेली पानं, पानाला पडलेली भोकं, अळीने टाकलेली कात, हे सगळं चित्रात. ज्या गोष्टी बघून आपण कुंडीतली फांदी छाटून टाकतो नेमक्या त्याच.

तुमच्याकडे कढीपत्ता असेल तर हे घरीच बघता येतं. त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा असलेली बारकी अळी असते. ती कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने डिवचलं तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. पुढे तिचं लिंबावरचं फुलपाखरू होतं.

आता खरी गंमत. अळीला कसं कळतं की यावेळी कात टाकून पुन्हा अळीच व्हायचंय की कोश करायचाय? कात टाकायचा हुकूम एक्डायसोन नावाचं हार्मोन देतं, पण कात टाकून काय व्हायचं हे दुसरं हार्मोन ठरवतं, ते म्हणजे ज्युव्हेनाइल हार्मोन, मेंदूच्या मागच्या बारक्या ग्रंथींतून येणारं. ते भरपूर असेल तर अळीची अळीच. ते घटलं की कोश. कोशात ते जवळपास नसतंच, मग एक्डायसोन आलं की थेट फुलपाखरू. हे कोडं सुटायला सुरुवात झाली 1930 च्या दशकात. विगल्सवर्थ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ढेकणासारख्या रक्त पिणाऱ्या एका किड्याच्या पिल्लांची डोकी नेमक्या वेळी उडवली, तर ती पिल्लं वयाआधीच प्रौढ व्हायला लागली (हो, बिनडोक्याचा किडा बरेच दिवस जगतो). या किड्याला कोश नसतो, पण रसायनं तीच.

आणि 1960 च्या दशकातला किस्सा तर भारीच आहे. कारेल स्लामा नावाचे कीटकशास्त्रज्ञ प्रागहून अमेरिकेत हार्वर्डला गेले, सोबत आपल्या कपाशीवरच्या लाल ढेकण्याच्या भाऊबंदातले किडे घेऊन. तिथे ती पिल्लं प्रौढच होईनात, कात टाकून नुसती मोठमोठी पिल्लं व्हायची आणि मरायची. शोधता शोधता कळलं की दोष डब्यात घातलेल्या कागदी टॉवेलचा. मग वर्तमानपत्रं तपासली, तर न्यूयॉर्क टाइम्सच्या कागदाने तेच व्हायचं आणि लंडनच्या टाइम्सच्या कागदाने काही नाही. अमेरिकन कागद ज्या बाल्सम फर नावाच्या झाडाच्या लाकडाचा, त्यात ज्युव्हेनाइल हार्मोनसारखं रसायन निघालं.

सुपाचं म्हणाल तर अळीचे बरेचसे स्नायू आणि आतडं मोडीत निघतं हे खरं. पण पंख, डोळे यांच्या पेशींचे छोटे पुंजके, त्यांना इमॅजिनल डिस्क म्हणतात, अळीच्या अंगात आधीपासून असतात, फक्त दबून बसलेले. 2013 मध्ये पेंटेड लेडी नावाच्या फुलपाखराच्या जिवंत कोशाचे सीटी स्कॅन काढले तेव्हा श्वासनलिकांचं जाळं पहिल्या दिवसापासून जागेवर दिसलं. आणि 2008 चा प्रयोग बघा, तंबाखूवरच्या अळ्यांना एक वास देऊन शॉक दिला, तर शेवटच्या टप्प्यात शिकलेल्या अळ्यांचे पतंग झाल्यावरही त्यांनी तो वास टाळला, त्याआधीच्या टप्प्यात शिकलेल्यांनी मात्र नाही. सुपाला कसली आलीय आठवण!

आपल्याकडे कीर्तनात भृंगकीटाचा दृष्टांत देतात, कुंभारीण माशीने कोंडलेली अळी तिचं ध्यान करून करून तीच होते. भक्तीसाठी दृष्टांत छानच, पण हे खरोखर घडतं असं छातीठोक सांगणारे भेटतात. माशी मातीच्या मडक्यात अंडं घालते, अळीला डंख मारून लुळी करते, त्यात कोंबते आणि तिचं पिल्लू ती अळी खाऊन मोठं होतं. कधीकधी कोशातून फुलपाखराऐवजी परजीवी माश्या निघतात हे मारियानेही पाहिलं होतं, तिने त्यांचीही चित्रं काढली.

1699 मध्ये, बावन्नाव्या वर्षी, ती धाकट्या मुलीला घेऊन दक्षिण अमेरिकेत सुरिनामला गेली. आजारी पडून 1701 ला परतली आणि 1705 ला 60 चित्रांचं पुस्तक काढलं. त्यात आपल्या अंगणातला शंकासुरही आहे, आणि आपल्या पोटची पोरं गुलाम होऊ नयेत म्हणून तिथल्या गुलाम बायका त्याच्या बिया गर्भपातासाठी खायच्या हेही तिने लिहून ठेवलंय. एका चित्रात पेरूच्या झाडावर कोळी हमिंगबर्ड खातोय, त्यावर पुढे काही अभ्यासकांनी तिची टर उडवली. मग हेन्री बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने अॅमेझॉनच्या खोऱ्यात दोन छोटे पक्षी अशा कोळ्याच्या तावडीत स्वतः पाहिले आणि ते 1863 साली छापून आलं.

तिचं सगळंच बरोबर होतं असं नाही. लांब पोकळ डोक्याचा एक किडा रात्री पेपर वाचता येईल इतका उजेड पाडतो असं तिने लिहिलंय, आणि तो किडा अजिबात चमकत नाही.