वेलबेक कॉलेज: सोळाव्या वर्षी फौजी इंजिनिअर घडवायची कल्पना आली कुठून?

ब्रिटनचं वेलबेक कॉलेज 2021 मधे बंद झालं. आपल्याकडे हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नसेल, पण अकरावी-बारावीच्या वयाची पोरं होस्टेलवर ठेवून त्यांच्यातून सैन्याचे टेक्निकल ऑफिसर घडवायचे, ही कल्पना नीट समजून घ्यायची तर थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत मागे जावं लागतं.

त्या युद्धात रणगाडे, रडार, वायरलेस असं सगळंच इतकं वाढलं की 1942 मधे ब्रिटिश आर्मीला दुरुस्ती-देखभालीसाठी रीमी ही वेगळी कोअरच उभी करावी लागली, आपल्या लष्करातली ईएमई पण त्याच धर्तीवरची. युद्ध संपलं तरी मशिनरी वाढतच राहिली, मग ती समजणारे ऑफिसर आणायचे कुठून? म्हणून 1953 मधे नॉटिंगहॅमशायरमधे वेलबेक ॲबी या पोर्टलंडच्या ड्यूकच्या वाड्यात कॉलेज सुरू झालं. वाडा पण भारीच, पाचवे ड्यूक इतके एकलकोंडे की त्यांनी एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली भुयारं आणि एक अख्खा मोठा हॉल बांधून घेतला होता.

सोळाव्या वर्षी यायचं, दोन वर्षं मॅथ्स-फिजिक्स घासायचं, मग सँडहर्स्ट ही ब्रिटिश आर्मीची ऑफिसर घडवणारी अकादमी आणि तिथून इंजिनिअर्स, सिग्नल्स नाहीतर रीमी. शिकवण्याचा खर्च सरकारचा, राहण्या-जेवण्याचे पैसे आईबापाच्या कमाईप्रमाणे. मला तर यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण साध्या घरातल्या हुशार पोरालाही त्यामुळे ऑफिसर होता आलं. मुलींना मात्र पुढे नव्वदच्या दशकात प्रवेश मिळाला.

2005 मधे कॉलेज लेस्टरशायरमधल्या वुडहाउसला नव्या कॅम्पसमधे गेलं, जवळच ते बोमॅनर, जिथे युद्धात जर्मन वायरलेस ऐकून संदेश ब्लेचली पार्क या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या केंद्राला पाठवायचे. तेव्हापासून नेव्ही, एअरफोर्स आणि संरक्षण खात्याचे सिव्हिलियन इंजिनिअर पण इथूनच घडायचे, आणि बारावीनंतर युनिव्हर्सिटीत डिग्रीलाही खात्याचा आधार असायचा.

आपल्याकडे औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, 1977 पासून राज्य सरकारची एसपीआय, म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, तिचा रोख एनडीएवर, पण पोरं हेरायचं वय तेच.

2019 मधे वेलबेक बंद करायचं ठरलं, त्याऐवजी युनिव्हर्सिटीतल्या पोरांनाच स्कॉलरशिप द्यायची. पण ज्याच्या शाळेत धड फिजिक्स शिकवायला कुणी नाही तो पोरगा तिथवर पोचणार कसा, याचं उत्तर त्या स्कॉलरशिपमधे मला तरी दिसत नाही.