शनवार तेली ते दिमोना

शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून पूर्वीच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणत. सोमवारी घाणा थांबवणारे हिंदू ते 'सोमवार तेली'. शेजाऱ्यांना एवढी ओळख पुरेशी होती.

या ज्यूंची परंपरा अशी: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. हे केव्हा घडलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. उरलं ते पाठ असलेलं: शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सुंता, खवल्यांचाच मासा खाणं आणि 'शेमा' या प्रार्थनेची ओळ. बाकी सगळ्यावर कोकणाचं पाणी चढलं. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, 'नव्याचा सण' झाला, योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा उपास 'दारफळणीचा', तर आव या ज्यू महिन्यातल्या नवमीच्या उपासाला, तो ज्या वालाच्या बिरड्याने सुटे, त्यावरून 'बिरड्याचा सण' म्हणू लागले. पोथी नसताना पंचांग बायकांनी चुलीपाशी सांभाळलं, असंच मला वाटतं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर.

पुढे ही मंडळी मुंबईला आली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली तिथे पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, बांधलं. लोक त्याला मशीदच म्हणत. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी हगादाच्या, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाला वाचायच्या पोथीच्या, चित्रात तर त्या सणाची भाकर करणाऱ्या बायका चक्क मराठमोळ्या वेशात आहेत.

स्वातंत्र्याच्या सुमारास बेने इस्रायलींची संख्या २० हजारांच्या आसपास होती. पुढे बरेच जण इस्रायलला गेले, पण छळ झाला म्हणून कोणी गेलं नाही. इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्टातल्या नोकऱ्यांचं पुढे काय, ही धास्ती होती आणि इस्रायलची ओढही. तिथे दिमोना, बेरशेबा, लोद, अश्दोद अशा गावांत घरं मिळाली. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कार्यालयाने इतर ज्यूंशी लग्न ठरवताना यांच्या पिढ्या तपासायचा आदेश काढला. ज्यांनी पोथीवाचून शब्बाथ टिकवला, त्यांच्याकडेच पुरावा मागितला गेला! जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ठराव करून बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं.

मग जपायची गोष्ट बदलली. ज्यूपण आता रस्त्यावर, शाळेत, सगळीकडे होतं. निसटत होती ती मराठी. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघू लागलं. नातवंडं घरातही हिब्रूच बोलतात. तरी लग्नाआधी मेंदी लागते, एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने ताट मांडलं जातं आणि त्यातल्या नारळ-साखरेच्या पोह्यांना तीही 'मलिदा'च म्हणतात.