रॉबिन ते रेड हूड: सुपरहिरोंच्या अल्पवयीन साथीदारांच्या मानसिक जखमांची पार्श्वभूमी

डिक ग्रेसन, म्हणजे पहिला रॉबिन, एप्रिल १९४० च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’ अंक ३८ मध्ये आला, तो लेखकांची अडचण सोडवायला. बॅटमॅन एकटाच फिरायचा. त्याचे तर्क वाचकापर्यंत पोचवायचे तर त्याला कुणाशी तरी बोलतं करणं भाग होतं. लेखक बिल फिंगर यांना संवादासाठी जोडीदार हवा होता, आणि मुलांना आपलंसं वाटेल असं पात्र मिळालं तर खपही वाढणार होता. तो वाढलाच. मग टोरो, बकी, स्पीडी अशी इतर सुपरहिरोंच्या बालसाथीदारांची रांग १९४१ पर्यंत लागली.

पहिल्या कथेतच पुढच्या अनेक दशकांचा साचा दिसतो. खंडणीखोर सर्कशीतल्या झुल्याच्या दोरांवर आम्ल टाकतात, डिकचे आईवडील त्याच्या डोळ्यांदेखत पडून मरतात. बॅटमॅन त्याला मेणबत्तीच्या उजेडात शपथ देतो, तालीम देतो, आणि त्याच कथेत तो मुलगा अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या लोखंडी तुळयांवर गुंडांशी झुंजतो. शोक करायला जागाच नाही. शपथ हाच शोकाचा पर्याय. बकीचं तर याहून सोपं: लष्करी छावणीतल्या या अनाथ पोराला कॅप्टन अमेरिकाचं गुपित कळतं, एवढ्यावर तो जोडीदार होतो.

१९५४ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचं पुस्तक आलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी ‘कॉमिक्स कोड’ ही मजकुरावर बंधनं घालणारी नियमावली स्वतःहून लावून घेतली. सगळी काळजी वाचणाऱ्या मुलाच्या मनाची होती. चित्रातल्या मुलाच्या मनावर काय गुदरतं, हा प्रश्न त्या वादात जवळपास नव्हताच. उलट कोडमुळे हिंसा सौम्य झाली आणि हिंसेचा परिणाम दाखवायची वाटही बंद झाली.

मार्व्हलचे स्टॅन ली यांना साइडकिक, म्हणजे बालसाथीदार, ही कल्पनाच आवडत नसे. १९६४ च्या ‘अॅव्हेंजर्स’ अंक ४ मध्ये कॅप्टन अमेरिका बर्फातून परतला तेव्हा बकी महायुद्धातच मेला होता, असं ठरवून टाकलं गेलं. इथे एक खोड दिसते आणि ती पुढे वारंवार दिसणार आहे: पोर मरतं, पण दुःख मोठ्या माणसाच्या नावावर लिहिलं जातं. बकीचा मृत्यू हा पुढची ४० वर्षं कॅप्टनचा अपराधगंड होता.

मुलांच्या स्वतःच्या मनाकडे वळणारी पहिली ठळक पावलं १९७० च्या सुमाराची. बालसाथीदारांच्या चमूची मालिका असलेल्या ‘टीन टायटन्स’च्या अंक २५ मध्ये एका दंगलीत शांततावादी डॉक्टर मारला जातो. आपण तिथे असूनही हे घडलं म्हणून ही मुलं पोशाख उतरवून ठेवतात. त्याहून महत्त्वाचे १९७१ चे ‘ग्रीन लँटर्न/ग्रीन अॅरो’चे अंक ८५ आणि ८६, लेखक डेनी ओ’नील, चित्रकार नील अॅडम्स. ग्रीन अॅरोला वाटतं, आपला साथीदार स्पीडी, म्हणजे रॉय हार्पर, छडा लावण्यासाठी नशेबाजांत मिसळलाय. प्रत्यक्षात तोच हेरॉइन टोचून घेत असतो. सांभाळ करणारा माणूस मित्राबरोबर देशभर फिरत राहिला आणि पोर घरी एकटं पडलं, हे कारण कथा स्पष्ट सांगते. कळल्यावर ग्रीन अॅरो त्याला मारतो, हाकलतो; नशा सुटतानाची तडफड ब्लॅक कॅनरी ही सुपरहिरोइन शेजारी बसून काढते. शेवटी रॉय त्यालाही एक ठोसा देतो.

या कथेचं एक वैगुण्य मान्य करायला हवं. हेरॉइन बंद केल्यावर शरीराची तडफड साधारण आठवडाभर चालते, मनाची ओढ कित्येक महिने. इथे सगळं काही पानांत उरकतं. तरी दोष कोणाचा, हे इतक्या थेट त्याआधी क्वचितच कुणी विचारलं होतं.

डिकची सुटका सर्वांत निरोगी. १९६९ मध्ये तो कॉलेजात गेला, १९८४ मध्ये त्याने रॉबिनचा पोशाख आपण होऊन उतरवला आणि नाइटविंग झाला. पण १९८७ च्या ‘बॅटमॅन’ अंक ४०८ ने इतिहास बदलला: बॅटमॅनचा कट्टर शत्रू जोकर याची गोळी लागल्यावर बॅटमॅननेच त्याला काढून टाकलं. मोठं होणं एका फटक्यात नाकारलं जाणं झालं.

त्याच अंकात दुसरा रॉबिन जेसन टॉड नव्या रूपात आला: बॅटमॅनच्या गाडीची चाकं चोरणारं रस्त्यावरचं पोर. पुढच्या अंकांचे लेखक जिम स्टार्लिन यांना बालसाथीदार ठेवणं हाच मुलाचा छळ वाटे, आणि त्यांनी जेसनचा राग लपवला नाही. अंक ४२४ मध्ये एक बलात्कारी सज्ज्यावरून पडतो. ढकलला की घसरला, हे अनुत्तरित राहतं. अंक ४२६ मध्ये बॅटमॅनला उमगतं की आईवडिलांच्या मृत्यूचं दुःख या मुलाने पचवलेलंच नाही, आणि तो त्याला कामावरून थांबवतो. ओळख अचूक होती, उपाय काहीच नव्हता. घरी बसवलेला मुलगा जन्मदात्या आईच्या शोधात एकटाच निघतो आणि जोकरच्या हाती सापडतो.

जेसन जगावा की मरावा, हा निर्णय वाचकांवर सोडला गेला. सप्टेंबर १९८८ मध्ये दोन फोन नंबर, प्रत्येक कॉलला ५० सेंट. मारा म्हणणारे ५,३४३, वाचवा म्हणणारे ५,२७१. फरक ७२ मतांचा. संपादक होते तेच डेनी ओ’नील. जेसनचा पोशाख काचेच्या पेटीत गेला, खाली पाटी लागली: ‘चांगला सैनिक’. मुलगा म्हणून त्या पाटीवर काहीच नाही.

१९८९ मध्ये आलेला तिसरा रॉबिन टिम ड्रेक उलट दिशेचा बळी. जेसनच्या मृत्यूनंतर बॅटमॅन सावरावा म्हणून त्याला रॉबिन हवाच, असं तेरा-चौदा वर्षांचं पोरच पटवून देतं. मोठ्याचं मन सांभाळायची जबाबदारी मुलाने उचलणं ही घराघरांतली ओळखीची जखम आहे, आणि टिमच्या कथा तिला बराच काळ गुण म्हणून मिरवतात. स्टेफनी ब्राउन २००४ मध्ये थोड्याच दिवसांची रॉबिन झाली, काढली गेली, स्वतःला सिद्ध करायच्या धडपडीत छळ सोसून मेली. तिच्यासाठी पेटीही नव्हती. वाचकांनी त्यावर आवाज उठवला. २००८ मध्ये ती जिवंत परतली.

हिशेब मुलांच्या नावावर आला तो २००५ च्या आसपास. ‘कॅप्टन अमेरिका’चे लेखक एड ब्रूबेकर यांनी दाखवलं की कॅप्टनने करताना दिसू नयेत अशी गुपचूप मारण्याची कामं किशोरवयीन बकीकडून करून घेतली जात होती. मेलेला जेसन ‘रेड हूड’ हे नवं नाव घेऊन जिवंत परतला. मला वाचवलं नाहीस याबद्दल तो बॅटमॅनला माफ करतो. त्याचा सवाल एवढाच की जोकर अजून जिवंत का.

मानसोपचार मात्र या जगात फार उशिरा आले. २०१८ च्या ‘हीरोज इन क्रायसिस’ या कॉमिक्समध्ये नेब्रास्कात ‘सँक्च्युअरी’ नावाचं उपचारकेंद्र आहे. तिथली काळजी यंत्रमानव घेतात आणि रुग्ण एकट्याने कॅमेऱ्यासमोर बोलतात. जिवंत समुपदेशक समोर नसतो. त्याच केंद्रात रॉय हार्पर मारला जातो.