सिमेंट साइडिंग (प्रतिरूप रेल्वे)

सिमेंट कारखाना किंवा ग्राइंडिंग युनिट (भट्टीशिवाय फक्त दळण होणारा कारखाना) यांना मुख्य लोहमार्गाशी जोडणारा खासगी मार्गसमूह आणि त्यावर चालणारे मालगाड्यांचे काम. बंदिस्त, उघड्या आणि सुट्या सिमेंटच्या अशा तीन प्रकारच्या वाघिणी एकाच आवारात येतात, म्हणून छोट्या रेल्वेच्या शौकिनांना हा विषय सोयीचा वाटतो. (‘वाघीण’ हा शब्द ‘वॅगन’चे कानाला ओळखीच्या शब्दात झालेले रूपांतर असावे. यार्डात मात्र ‘वॅगन’च ऐकू येते.)

एक टन क्लिंकरला (भट्टीतून निघणारे, दळण्याआधीचे सिमेंटचे खडे) सुमारे दीड टन चुनखडी लागते आणि भट्टीत तिचे बरेचसे वजन कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जाते. त्यामुळे भट्टी खाणीपाशी असते आणि चुनखडी बहुधा डंपरने किंवा वाहक पट्ट्यावरून येते. प्रतिरूपात चुनखडीची रेक (एकत्र जोडलेल्या वाघिणींची पूर्ण गाडी) दाखवण्याचा मोह टाळलेला बरा. रेल्वेने आत येतो तो कोळसा, जिप्सम आणि काही ठिकाणी स्लॅग (पोलाद कारखान्यातील मळी). बाहेर जाते सिमेंट आणि क्लिंकर. कोळशाची रिकामी बॉक्सएन वाघीण पोत्यांसाठी वापरता येत नाही, कारण ती उघडी असते. म्हणजे एक रेक भरलेली येऊन रिकामी जाते, तर दुसरी रिकामी येऊन भरून जाते. हा असमतोल हाच साइडिंगच्या कामाचा गाभा असून मार्गांची आखणी त्यावरूनच ठरते.

पुणे परिसर बेसाल्ट खडकाचा असल्याने येथे भट्टीचा कारखाना दाखवणे भूगोलाला धरून नाही. राज्यातील चुनखडी मुख्यतः चंद्रपूर-यवतमाळ पट्ट्यात आहे. पुण्याला रेल्वेने जवळचा पट्टा म्हणजे सुमारे ४०० किमीवरचा वाडी, शहाबाद, मलखेड आणि सेडम यांचा. दौंड-सोलापूर मार्गाने येणारी रेक मालधक्क्यावर रिकामी होताना दाखवणे हा पुणेकर प्रतिरूपकारापुढचा अधिक प्रामाणिक पर्याय होय. सोलापूरजवळचे होटगी हे ग्राइंडिंग युनिटचे उदाहरण म्हणून पाहता येते.

वाघिणी : पोत्यांसाठी आज बीसीएनएचएल ही बंदिस्त वाघीण. कपलरसह लांबी १०,९६३ मिमी, रिकामे वजन २०.८ टन, भार ७०.८ टन. ५० किलोची पोती धरल्यास एका वाघिणीत कागदोपत्री १,४०० च्या वर आणि ५८ वाघिणींच्या रेकमध्ये सुमारे ८०,००० पोती मावतात. जुनी बीसीएनए १४,४५० मिमी लांब. तिच्या रेकमध्ये ४० च्या आसपास वाघिणी असतात. नावातील ‘एन’ हे अक्षर हवेच्या ब्रेकचे द्योतक मानले जाते. १९८० च्या दशकाआधीचा काळ निवडल्यास चारचाकी सीआरटी आणि व्हॅक्यूम ब्रेकच्या बीसीएक्स घ्याव्यात. सुट्या सिमेंटसाठी बीसीसीडब्ल्यू आणि बीसीएफसी. त्या सायलोखाली (साठवणीच्या उंच टाकीखाली) छतावरील झाकणांतून भरतात आणि हवेने सिमेंट ‘पातळ’ करून रिकाम्या करतात. कळंबोलीच्या टर्मिनलकडे वाडीहून जाणाऱ्या अशा रेकच्या वाटेवर पुणे लागते. परतीच्या रिकाम्या रेकला १:३७ चढाच्या बोरघाटात मागून बँकर (ढकलणारी जादा इंजिने) लावावे लागतात.

मापाचा वाद : भारतीय ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १,६७६ मिमी. १:८७ प्रमाणात ते १९.२६ मिमी होते, पण बाजारात मिळणारा एचओ (१:८७ प्रमाणाचे प्रचलित नाव) रूळ १६.५ मिमीचा, म्हणजे १,४३५ मिमी मार्गाची प्रतिकृती. त्यावर ठेवलेली ३,४५० मिमी रुंदीची वाघीण (प्रतिरूपात ३९.७ मिमी) पुढून पाहता पाटावर ठेवलेल्या खोक्यासारखी दिसते. याबाबत तीन मते आहेत. पहिले, फरक सोडून द्यावा. दुसरे, गाडीच लहान करून १:१०१.६ प्रमाणात बांधावी. मग रूळ जुळतो, पण तयार इंजिने, माणसे आणि ट्रक सगळेच बेमेळ होतात. तिसरे, ब्रिटिश पी-४ या अचूक मापाच्या प्रतिरूप पद्धतीचा १८.८३ मिमी रूळ घ्यावा. ब्रॉडगेजला तो १:८९ ठरतो आणि चूक ०.४३ मिमी, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत राहते. मात्र सांधे (गाडीचा मार्ग बदलणारी रूळजोडणी) हाताने करावे लागतात आणि वळणे बरीच मोठी घ्यावी लागतात. सिमेंट साइडिंगपुरते पहिले मत पुरेसे वाटते. मालधक्का १,०६५ मिमी, म्हणजे प्रतिरूपात सुमारे १२ मिमी उंच असतो. प्रेक्षक त्या बाजूला असल्यास बोगी (वाघिणीखालचा चाकांचा सांगाडा) आणि रूळ दोन्ही झाकले जातात. पुढील मापे १:८७ ची आहेत.

कामाचा क्रम : रिकामी रेक एक्सचेंज यार्डात (रेल्वे आणि कारखाना यांच्यात रेक हस्तांतराच्या जागी) येते. भरणीच्या मार्गावर आणि टिपलरपाशी (वाघीण उलथून रिकामी करणाऱ्या यंत्रापाशी) विजेची तार बहुधा नसते, म्हणून विद्युत इंजिन इथेच सुटते आणि कारखान्याचे डिझेल शंटर (डब्ल्यूडीएस-६ योग्य) रेक आत नेते. दारे आतून लावून छतातून उजेड येतो का हे पाहतात. छिद्र सापडल्यास ती वाघीण बाजूला काढतात, कारण थोडे पाणीही पोत्याचा दगड करते. पॅकरवरून (पोती भरणाऱ्या यंत्रावरून) पोती पट्ट्याने येतात. भरणी झाली की सील, रेल्वे पावती, ब्रेक पॉवर सर्टिफिकेट आणि मग प्रस्थान. ठरलेला वेळ उलटल्यास वाघिणी अडकल्याबद्दल डिमरेज आकार, आणि मालधक्क्यावर माल पडून राहिल्यास व्हार्फेज. दोहोंत गल्लत होते. मालधक्क्यावर माथाडी कामगार वाघिणीतून थेट ट्रकमध्ये थप्पी लावतात, म्हणून धक्क्याला ट्रक अगदी भिडलेले दाखवावेत.

कोळशाकडे टिपलर एकेक वाघीण उलथतो. कपलर फिरता नसल्याने प्रत्येक वाघीण आधी सोडवावी लागते. ताशी २० धरल्या तरी ५८ वाघिणींना तीन तास लागतात.

प्रतिरूप : पूर्ण रेक ६३६ मीटर, म्हणजे ७.३ मीटर, घरात अशक्य. बारा वाघिणी १.५ मीटरमध्ये बसतात. लांबी अपुरी असली की प्रत्यक्षातही रेक दोन तुकड्यांत आत घेतात, त्यामुळे सहा-सहाची विभागणी खोटी दिसत नाही. शंटिंगही दुप्पट मिळते. किमान चार मार्ग हवेत : आगमन, पोती, टिपलर आणि इंजिन सुटण्याचा. चौथा वगळल्यास इंजिन रेक आणि मार्गाच्या शेवटच्या अडथळ्यामध्ये अडकते. ही सर्वांत नेहमीची चूक. धक्का सरळ मार्गावरच ठेवावा, वळणावर वाघिणीची कड घासते. १२६ मिमीच्या वाघिणीला अमेरिकन एनएमआरए या प्रतिरूपकारांच्या संघटनेच्या संकेतानुसार सुमारे ९९ ग्रॅम वजन द्यावे. हलकी वाघीण मागे ढकलताना सांध्यावर रुळावरून घसरते.

धुळीसाठी खरे सिमेंट कधीही वापरू नये. पुण्याच्या पावसाळ्यात ते ओलावा धरून कडक होते, गिअरमध्ये शिरते आणि रुळावर बसून वीजप्रवाह तोडते. राखाडी खडूची पूड मॅट वार्निशने बसवावी. छतावर आणि दारांच्या कडांना दाट, बोगीवर विरळ. कोळशाच्या वाघिणींवर राखाडी छटा नको.