मॉडेल रणगाड्याच्या तोफेला स्थैर्य कुठून आले?

१:१६ प्रमाणातला रेडिओ-नियंत्रित रणगाडा अंगणातल्या उंचसखल मातीवरून धावतो, त्याचे धूड पुढेमागे डोलत राहते आणि तरीही तोफेची नळी समोरच्या एकाच खुणेवर रोखलेली असते, ही गोष्ट आज हौशी मॉडेलकारांच्या आवाक्यात आली आहे. हे तंत्र खऱ्या रणगाड्यांकडून लहान होत होत मॉडेलपर्यंत आले असावे, असे सहज वाटते. प्रत्यक्षात मॉडेल रणगाड्याने ते उचलले मॉडेल हेलिकॉप्टरकडून.

खऱ्या रणगाड्यांचा इतिहास अर्थातच जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या शर्मन रणगाड्यांवर जायरोच्या, म्हणजे फिरण्याची हालचाल ओळखणाऱ्या उपकरणाच्या, आधारे चालणारा स्थिरक होता. तो तोफेला फक्त वर-खाली सावरत असे आणि त्याची देखभाल व सराव किचकट असल्यामुळे अनेक तुकड्या तो बंदच ठेवत. तोफ वर-खाली आणि टरेट (तोफ बसवलेला फिरता बुरूज) डावी-उजवीकडे, अशी दोन्ही अक्षांवरची स्थिरता महायुद्धानंतर ब्रिटनच्या सेंच्युरियनने व्यवहारात आणली. १९६५ च्या युद्धात भारतीय सैन्यानेही वापरलेला हा रणगाडा अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये जवळून पाहता येतो. सोव्हिएत टी-५४ मालिकेने १९५० च्या दशकात आधी एका आणि मग दोन अक्षांवर हेच साधले. १९७९ मध्ये सेवेत आलेल्या जर्मनीच्या लेपर्ड २ मध्ये तर नेमबाजाची दुर्बीणच स्वतंत्रपणे स्थिर ठेवून तोफेला तिच्यामागे चालवण्यात आले.

यातले फारसे काही मॉडेलच्या उपयोगाचे नव्हते, आणि याला केवळ खर्च किंवा जागेची टंचाई कारणीभूत नव्हती. खऱ्या रणगाड्याची तोफ आपल्या आसावर तोललेली असते आणि तिच्या प्रचंड जडत्वामुळे ती धक्क्याला सहजासहजी जुमानत नाही; स्थिरकाचे निम्मे काम हे जडत्वच करते. लांबी सोळा पटींनी घटली की वस्तुमान ४,०९६ पटींनी घटते, आणि फिरण्याला विरोध करणारे जडत्व तर दहा लाखांहून अधिक पटींनी. घर्षण मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे हलकी नळी धुडाबरोबर ओढली जाते. शिवाय आकार सोळाव्या हिश्शावर आला की डोलण्याची गती साधारण चौपट होते. खरा रणगाडा सेकंदाला एकदा डोलत असेल, तर त्याचे मॉडेल त्याच सेकंदात चार हेलकावे खाते. म्हणजे जडत्वाची मदत नाही आणि प्रतिसाद मात्र चौपट चपळ हवा, अशी ही अडचण होती. जपानच्या तामिया कंपनीने १९७४ मध्ये १:१६ शर्मन बाजारात आणला, तेव्हा मॉडेलकारांना तोफ स्थिर ठेवण्याचे कोणतेही सोयीचे साधन उपलब्ध नव्हते.

ते साधन घडले हेलिकॉप्टरच्या शेपटीत. मुख्य पंख्याच्या प्रतिक्रियेने मॉडेल हेलिकॉप्टर स्वतःभोवती गरगरू पाहते आणि नुसत्या बोटांनी ते आवरणे फार अवघड असते. म्हणून रेडिओ संकेत घेणारा रिसीव्हर आणि शेपटीचा सर्वो (संकेतानुसार नेमक्या कोनात फिरणारी छोटी मोटर) यांच्यामध्ये छोटी मोटर आणि फिरती चाके असलेला जायरो बसवला जाऊ लागला. १९९० च्या दशकात फिरत्या चाकांच्या जागी कंप पावणारा पिझो स्फटिक आला आणि वजन व वीजवापर दोन्ही घटले. त्या दशकाच्या उत्तरार्धातल्या ‘हेडिंग होल्ड’ जायरोने खरा पालट घडवला. जुना जायरो केवळ फिरण्याच्या वेगाला विरोध करी, त्यामुळे हालचाल थांबली की त्याची दुरुस्तीही संपे. नवा जायरो वेगाची बेरीज करून मूळ कोन लक्षात ठेवू लागला. रणगाड्याच्या तोफेला नेमके हेच हवे होते, कारण चढावर धूड तिरपे होऊन तसेच राहिले, तरी नळीने आपला कोन सोडता कामा नये.

मात्र हा जायरो धुडात बसवून भागत नाही. आपल्या दुरुस्तीचा परिणाम त्याला स्वतःला जाणवला पाहिजे, म्हणून वर-खाली हालचालीसाठी तो नळी धरणाऱ्या भागावरच चिकटवावा लागतो. रणगाडा ज्यांवर धावतो त्या साखळी-पट्ट्यांची थरथर त्याच्यापर्यंत पोचू नये यासाठी मध्ये दुहेरी चिकटपट्टीचा फोम असतो. टरेटचे प्रकरण अधिक त्रासदायक आहे. ती बहुधा सर्वोवर फिरत नाही, तर दातेरी चाकांच्या साखळीतून साध्या मोटरने फिरते. जायरोचा संकेत या मोटरला कळावा म्हणून जुन्या सर्वोतले सर्किट काढून वापरण्याची युक्ती मॉडेलकारांनी केली. पण दात्यांमधली ढिलाई कोणताही जायरो भरून काढू शकत नाही: मोटर ती ढिलाई ओलांडेपर्यंत धूड दुसरीकडे वळलेले असते आणि टरेट लटपटू लागते. माझ्या मते चांगल्या जायरोपेक्षा घट्ट बसणारी दातेरी चाके मिळवण्यात खर्च केलेला वेळ अधिक फळतो.

२०१० नंतर स्मार्टफोनमुळे जायरो चिप अतिशय स्वस्त झाल्या. एमपीयू-६०५० या ४ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चिपमध्ये तीन अक्षांचा जायरो आणि तीन अक्षांचा त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा) एकत्र असतो, आणि आर्डुइनोसारख्या छोट्या संगणक-बोर्डावर नियंत्रणाचा प्रोग्राम स्वतः लिहिता येतो. गुरुत्वाकर्षणाची दिशा त्वरणमापकाला कळत असल्याने नळीच्या उंचीतली हळूहळू साचणारी चूक आपोआप सुधारते. आडव्या दिशेत मात्र असा कोणताही आधार नाही, आणि मोटरींच्या व धातूच्या पट्ट्यांच्या सान्निध्यात होकायंत्राच्या चिपवर विसंबता येत नाही. म्हणून चालू करताना रणगाडा काही सेकंद निश्चल ठेवून जायरोला शून्य मोजू द्यावे लागते, आणि त्यानंतरही टरेट हळूहळू सरकू लागली की चालवणाऱ्यालाच ती हाताने परत खुणेवर आणावी लागते.