कमी पटाच्या शाळा, वर्णनात्मक नोंदी आणि लोकशाही वर्ग : पार्श्वभूमी

कोकणातल्या जिल्हा परिषद शाळांमधून शैक्षणिक मासिकांकडे येणारं लेखन गेल्या दहा-पंधरा वर्षांत बदललं आहे. पूर्वी उपक्रमाचा अहवाल यायचा: उद्देश, साहित्य, कार्यवाही, फलनिष्पत्ती. आता मुलांचं बोलणं येतं. परिपाठ कोणी घ्यायचा यावरून झालेला वाद, मॉनिटर नकोच असं म्हणणारी तिसरीतली पोरं, शिक्षकाने ठरवलेला नियम वर्गाने कसा मोडीत काढला त्याची हकिगत. हा बदल 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यामुळे आला असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे.

लांबचा इतिहास इथे थोडक्यात. 1890 च्या दशकात दापोलीत निवृत्त महार सैनिकांनी आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत घ्यावं म्हणून अर्ज केले. मुलांना बसवलं गेलं ते व्हरांड्यात. पुढे 1920-30 च्या दशकांत रत्नागिरीत सगळ्या जातींची मुलं सरमिसळ बसावीत यासाठी चळवळ झाली. वर्गात कोण कुठे बसणार, हा या किनाऱ्यावरचा लोकशाहीचा पहिला धडा होता, आणि आजच्या लेखांत त्याची आठवण फार कमी जणांना असते. शिक्षकांसाठी निघणाऱ्या मासिकांची परंपराही जुनी आहे. 1861 साली सुरू झालेलं शालापत्रक सरकारवर टीका करतं म्हणून 1875 साली बंद करण्यात आलं आणि त्याच्या संपादकाची पुढे रत्नागिरीच्या हायस्कुलात बदली झाली. सरकारी पगारावरच्या शिक्षकाने किती मोकळेपणाने लिहावं, हा पेच तेव्हापासूनचा.

अलीकडच्या घडामोडींत 2005 चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा महत्त्वाचा. त्याच्या पाच मार्गदर्शक तत्त्वांपैकी शेवटचं तत्त्व थेट देशाच्या लोकशाही व्यवस्थेशी जोडलेलं आहे. मग कायदा आला. कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी केली, कलम 29 ने मुलाला भीतीमुक्त वातावरणात मत मांडता यावं असं म्हटलं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आले. बालसंसद, मंत्रिमंडळ वगैरे याच ओघात गावोगाव झालं. पोषण आहारमंत्री आणि स्वच्छतामंत्री नेमले गेले, फलकावर नावं रंगवली गेली, निर्णय मात्र शिक्षकच घेत राहिले.

खरा फरक पडला तो 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू करणारा हा निर्णय शिक्षकांमध्ये आजही बदनाम आहे. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाचा भार 70 टक्के आणि संकलितचा, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचा, 30. सातवी-आठवीपर्यंत जाता जाता तो 40 आणि 60 व्हायचा. आकारिकची साधनं आठ, त्यात दैनंदिन निरीक्षण हे एक. शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, प्रत्येक इयत्तेचे सगळे विषय, वर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम. परिणाम व्हायचा तोच झाला. तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या, पुढे त्यांच्या फायली फोनवर फिरू लागल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’, ‘स्वतःचे मत ठामपणे मांडतो’ ही वाक्यं शाळेमागून शाळेत उतरवली गेली. आयुष्यात एकदाही वर्गात मत न विचारलेल्या मुलाच्या नावापुढेही ‘ठामपणे’ हा शब्द आला. टीका करणारे इथेच थांबतात.

मला मात्र या निर्णयाची बाजू घ्यावीशी वाटते. गुणांपलीकडचं काही तरी प्रत्येक मुलाबद्दल लिहायला शिक्षकाला सांगितलं गेलं, ही साधी गोष्ट नव्हती. चाळीसच्या पटात ते कागदावरच राहणार. पण वाडीवस्तीवरच्या शाळेत, जिथे चारही इयत्ता मिळून दहा-बारा मुलं असतात, ते शक्य होतं, आणि काही जणांनी ते मनापासून केलं. शिमग्यानंतर कोण चार दिवस गप्प होतं, वडील मुंबईला परतल्यावर कोणाचं अक्षर बिघडलं, मोठ्या मुलीने पहिलीतल्या पोराला बेरीज कशी समजावली, हे सगळं नोंदवहीत उतरलं. तपासणीला येणाऱ्यांना ते नको होतं. त्यांना सगळे रकाने भरलेले हवे होते. म्हणून अशा नोंदी घरच्या वहीत गेल्या. मासिकांकडे येणाऱ्या लेखांतला बराच जिवंत मजकूर याच वह्यांतून आला आहे, असं हे लेख वर्षानुवर्षं वाचल्यावर माझं ठाम मत झालं आहे.

या लेखनातली एक उणीव अजून तशीच आहे. ‘माका थंय बसूक नको’ म्हणणारी मुलगी छापील लेखात ‘मला तिथे बसायचे नाही’ म्हणते. काही शिक्षक घाटावरून आलेले असतात, त्यांना मालवणी किंवा संगमेश्वरी बोली लिहिताना धीर होत नाही. संपादकही प्रमाण भाषा करून घेतात. मुलांचं मत छापायचं तर ते त्यांच्या बोलीतच छापलं पाहिजे.

आता प्रश्न शाळाच टिकण्याचा आहे. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे 1,300 शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचं ठरलं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बऱ्याच होत्या. नियमाप्रमाणे प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. कोकणात त्या एका किलोमीटरमध्ये घाटी म्हणजे चढाची वाट, पऱ्या म्हणजे ओढा आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा साकव, म्हणजे छोटा पूल, येतो. पालकांनी विरोध केला, गावांनी ठराव केले. मुलांना कोणी विचारलं नाही. संचमान्यतेच्या, म्हणजे मुलांच्या संख्येवरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, हिशेबात दहाचा पट म्हणजे तोटा. वर्ग गोल करून बसावा, प्रत्येकाने बोलावं आणि प्रत्येकाचं ऐकून घेतलं जावं, यासाठी याहून सोयीचा पट नाही.

2023-24 पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आली. त्याच काळात आलेल्या समग्र प्रगतिपुस्तकात मुलाने स्वतःचं आणि सोबत्याचं मूल्यमापन करायला जागा ठेवली आहे. त्या जागेत भरण्यासाठी तयार वाक्यंही फोनवर फिरू लागली आहेत.