उलाळ झालेली मोटार: वेट डिस्ट्रिब्यूशन हिचची पार्श्वभूमी

उसाची भरलेली ट्रॉली चढाला लागली की ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतात, हे पश्चिम महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बैलगाडीत मागे जास्त भार पडून जू वर उठलं की गाडी उलाळ झाली म्हणतात. अमेरिकेत ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचं फिरतं घर) ओढणाऱ्या मोटारीलाही हाच आजार होतो. ट्रेलरची दांडी मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे, बॉलवर म्हणजे मोटारीला लावलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकते. बॉल खाली दबतो, मागचा ॲक्सल तरफेचा टेकू होतो आणि पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं. सुकाणू आणि ब्रेकची बरीचशी भिस्त त्याच चाकांवर असते. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी ट्रेलरची जोडणी, जन्माला आला तो यावरचा इलाज म्हणून. आज दुकानात गेल्यावर मात्र पहिल्यांदा ट्रेलरचं एकूण वजन विचारतात आणि त्यावरूनच खोका हातात देतात. चुकीची खरेदी बहुधा इथूनच सुरू होते.

1930 च्या दशकात अमेरिकेत घरवजा ट्रेलरची पहिली मोठी लाट आली. डेट्रॉइटकडे आर्थर शर्मन या जीवाणूशास्त्रज्ञाने सुरू केलेली कव्हर्ड वॅगन कंपनी, 1934 चा बोलसचा ॲल्युमिनियमचा रोड चीफ, 1936 चा एअरस्ट्रीम क्लिपर ही त्या काळातली नावं. मोटारींना तेव्हा जाड चासी आणि कडक पाट्यांच्या स्प्रिंगा असत, वेगही बेताचे होते. बॉल बंपरला किंवा चासीला जोडायचा आणि निघायचं, एवढ्यावर भागत होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रेलर लांब आणि जड झाले. त्याच वेळी मोटारी आरामदायी झाल्या, म्हणजे स्प्रिंगा मऊ झाल्या आणि डिकी मागच्या चाकांपासून दूरवर लांबली. लोंबत्या टोकाला बॉल आणि त्याखाली मऊ स्प्रिंग, अशा मोटारीची शेपूट ट्रेलर जोडताच खाली बसायची आणि हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचे. यावर लोकांनी केलेला पहिला इलाज आजही केला जातो: मागे जादा स्प्रिंगा किंवा हवेच्या पिशव्या. त्याने शेपूट वर येते आणि मोटार सरळ दिसते. पण पुढच्या ॲक्सलवरून गेलेलं वजन परत येत नाही, कारण तरफेचा हिशेब तसाच राहतो. हेल्पर स्प्रिंगा बसवून हिचचा खर्च वाचला असं मानणाऱ्याची मोटार उलाळच असते, ती दिसत नाही इतकंच.

खरा उपाय 1950 च्या दशकात बाजारात रुळला आणि त्याचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही. मोटारीच्या रिसीव्हरमध्ये (मागच्या चौकोनी खोबणीत) शँक म्हणजे लोखंडी दांडका, शँकवर बॉल धरणारं हेड, हेडमधून मागे ट्रेलरच्या त्रिकोणी दांडीखाली जाणारे दोन स्प्रिंग बार. बारची मागची टोकं साखळीने वर ओढून दांडीवरच्या ब्रॅकेटला अडकवायची. बार वाकतात आणि ताणलेले राहतात. हातगाडीचे दांडे धरून वर उचलावेत तशी ही क्रिया आहे: मागून उचललेला भार पुढे मोटारीच्या पुढच्या चाकांवर आणि मागे ट्रेलरच्या चाकांवर जातो.

आकड्यांत पाहू. ट्रेलर 6,000 पाउंडांचा, म्हणजे सुमारे 2,720 किलोचा. दांडीवर त्याचे 13 टक्के, 780 पाउंड. मोटारीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) 120 इंच, मागच्या ॲक्सलपासून बॉल 50 इंच मागे, बॉलपासून ट्रेलरच्या ॲक्सलचा मध्य 200 इंच. साध्या बॉलवर पुढच्या ॲक्सलवरून 780 × 50 ÷ 120, म्हणजे 325 पाउंड उडतात आणि मागच्या ॲक्सलवर 780 ऐवजी 1,105 पाउंड चढतात. हे 325 पूर्ण परत आणायचे तर 31,200 इंच-पाउंडांचा पीळ लागतो. साखळी बॉलपासून 30 इंचांवर असेल तर प्रत्येक बार 520 पाउंडांनी ओढावा लागेल. मग मागच्या ॲक्सलवर 624 उरतात आणि 156 ट्रेलरच्या चाकांवर जातात. बेरीज पुन्हा 780. वजन नाहीसं होत नाही, फक्त वाटलं जातं.

या तत्त्वाचं सर्वांत नाट्यमय प्रात्यक्षिक ओल्डस्मोबिल टोरोनॅडोवर झालं. 1966 साली आलेली ही मोठी मोटार पुढच्या चाकांवर चालणारी होती, त्यामुळे पुढचं वजन गेलं की तिची ओढच जायची. प्रात्यक्षिकासाठी तिची मागची दोन्ही चाकं काढली, मागे एअरस्ट्रीम जोडला, बार ताणले आणि मोटार तशीच चालवली. मागचा भाग हवेत, सगळा भार पुढची चाकं आणि ट्रेलरची चाकं यांवर. ते छायाचित्र आजही फिरत असतं. त्यातून बारांची ताकद समजते. पण ताण हवा तितका वाढवला तर मागची चाकं रिकामी करता येतात, ही त्यातली धोक्याची सूचनाही तितकीच महत्त्वाची आहे.

1956 च्या कायद्याने इंटरस्टेट महामार्गांचं जाळं सुरू झालं, वेग वाढले आणि दुसरा प्रश्न पुढे आला: ट्रेलरचं डोलणं. दांडीवर एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार असावा हा नियम यासाठीच आहे, कारण गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढे असला की डोलणं आपोआप शमतं. पाण्याची टाकी किंवा सायकली मागे लादून दांडी हलकी झालेल्या ट्रेलरला कोणताही हिच सरळ करू शकत नाही. योग्य भरलेल्या ट्रेलरलाही ट्रकची झुळूक किंवा आडवा वारा लागतो, त्यासाठी हिचला हळूहळू जोड मिळत गेली. आधी घर्षणाची सुटी पट्टी आली, दांडीच्या बाजूला छोट्या बॉलवर बसणारी. ती स्वस्त आहे, पण ट्रेलर रिव्हर्स घेण्याआधी काढावी लागते, नाहीतर वाकते. निसरड्या रस्त्यावर सैल करावी लागते, नाहीतर वळून आल्यावर ट्रेलर सरळ व्हायला अडतो. मग रीस या हिच कंपनीची ड्युअल कॅम पद्धत आली, ज्यात बारांची टोकं कॅमवर बसून ट्रेलरला मध्याकडे खेचतात. इक्वलायझर या दुसऱ्या हिचने साखळीच काढून टाकली आणि बार थेट लोखंडी ब्रॅकेटवर टेकवले. घर्षण तिथेच मिळतं, मोबदल्यात वळणावर करकर ऐकावी लागते. 1990 च्या दशकात हेन्स्ले ॲरो या हिचने वेगळाच मार्ग घेतला. एकमेकांकडे झुकलेल्या दोन दांड्यांच्या रचनेमुळे ट्रेलर जणू मोटारीच्या मागच्या ॲक्सलजवळच्या बिंदूभोवती फिरतो आणि बॉलवरचा आडवा धक्का मोटारीची शेपूट हलवू शकत नाही. तो जड आणि महाग आहे, जोडणीला सराव लागतो. लांब ट्रेलर आणि आखूड व्हीलबेसची एसयूव्ही अशी जोडी असेल तर मात्र तो खर्च योग्य आहे असं आमचं मत आहे.

युरोपात हा हिच फारसा दिसत नाही. तिथल्या कॅरॅव्हॅन हलक्या, बॉलवरचा भार बहुधा 75 ते 100 किलो, आणि कॅरॅव्हॅन ओढताना वेगमर्यादा कमी. इतक्या कमी भाराने मोटार उलाळ होत नाही. तिथे नुसता घर्षणाचा स्टॅबिलायझर पुरतो.

निवडीच्या नियमांतला मोठा बदल गेल्या वीस वर्षांतला आहे. जुना सल्ला होता, मोटार पुढे-मागे सारखी दबेपर्यंत बार ताणा. 2008 साली वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेचं जे2807 हे ओढण्याच्या क्षमतेचं मानक आलं. टोयोटाने 2011 च्या टंड्रासाठी ते आधी स्वीकारलं, 2015 पर्यंत फोर्ड, जीएम आणि रॅमचे हलके पिकअपही त्यात आले. याच काळात अनेक मॅन्युअलांत सल्ला बदलला: पुढची उंची पूर्ण परत आणू नका, काही ठिकाणी फक्त अर्धी आणा. कारण सरळ आहे. बार जितके ताणाल तितकी मागची चाकं हलकी होतात. ओल्या वळणावर ट्रेलर बॉलला बाजूला ढकलतो, तो धक्का मागच्याच टायरांना झेलायचा असतो. पकड सुटली तर मोटार आणि ट्रेलर चाकूसारखे मिटतात. वरच्या उदाहरणात निम्मंच परत आणलं तर पुढे 162 पाउंडांची तूट राहते, पण मागच्या ॲक्सलवर 624 ऐवजी सुमारे 865 असतात. अर्धं की पूर्ण, हे आपल्याच गाडीच्या मॅन्युअलात पाहावं, शेजाऱ्याच्या अनुभवावर ठरवू नये. काही युनिबॉडी (वेगळी चासी नसलेल्या) एसयूव्हींच्या मॅन्युअलात असा हिच वापरूच नका असं लिहिलेलं असतं. तिथे विषय संपला. रिसीव्हरवरच्या पट्टीवर बहुधा दोन आकडे असतात, साध्या बॉलसाठी एक आणि वेट डिस्ट्रिब्यूशनसाठी एक, तेही वाचावेत.

त्याच मानकाचा एक तोटा खरेदीदाराच्या लक्षात येत नाही. जाहिरातीतली ओढण्याची क्षमता दांडीवर 10 टक्के भार धरून काढलेली असते, तर भरलेला ट्रॅव्हल ट्रेलर सहज 12 ते 15 टक्क्यांवर जातो. त्यामुळे ओढण्याची मर्यादा गाठण्याआधी दरवाजाच्या खांबावरच्या पट्टीवरचा पेलोड, म्हणजे गाडीवर लादता येणारं वजन, संपतो. प्रवासी, सामान, दांडीवरचा भार आणि खुद्द हिचचं वजन, सगळं त्यात मोजायचं.

बार निवडायचे ते दांडीवरच्या प्रत्यक्ष वजनावर. बाजारात 600, 800, 1,000, 1,200 पाउंडांचे बार मिळतात. ट्रेलर प्रवासाला भरायचा, गॅसच्या टाक्या आणि पाण्यासकट, आणि दांडी वजनकाट्यावर मोजायची. ब्रोशरमधला आकडा रिकाम्या ट्रेलरचा असतो, बॅटरी आणि भरलेले सिलिंडर दांडीवरच बसतात. मागच्या ॲक्सलच्या मागे डिकीत सामान असेल तर तेही त्यात मिळवा. 780 ला 800 चे बार काठावर पडतात, 1,000 चे बरे. पण 500 पाउंडांच्या दांडीला 1,200 चे बार लावले तर ते वाकतच नाहीत, खड्ड्याचा प्रत्येक धक्का ट्रेलरच्या दांडीत आणि रिसीव्हरमध्ये जातो आणि वेल्डिंगला तडे जातात.

बसवताना जागा सपाट हवी. सुटी मोटार उभी करून पुढच्या मडगार्डची उंची मोजा, समजा 36 इंच. ट्रेलर बार न लावता जोडा, पुन्हा मोजा, समजा 37. मॅन्युअल अर्धं सांगत असेल तर लक्ष्य 36½. बार लावण्याआधी कपलर (बॉलवर बसणारं दांडीचं टोक) बंद करून दांडीचा जॅक वर फिरवा म्हणजे मोटारीची शेपूटही उचलली जाईल आणि साखळी हाताने चढेल; जॅक न वापरता लांब पाइपाने बार ओढणं ही बोटं आणि दात गमावण्याची वाट आहे. ताण कमी पडला तर साखळीची एक कडी आखूड करा. तरीही पुरेना तर हेडमधला वॉशर वाढवून ते मागे कलवा. साखळी फार आखूड झाली तर वळणावर ती अडकते, म्हणून उत्पादकाने दिलेली किमान कड्यांची संख्या मोडू नये. मोठ्या बॉलच्या नटाचा टॉर्क फूट-पाउंडात 400 च्या पुढे असतो, घरच्या पान्याने तो होत नाही. शेवटी ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर तीन वजनं घ्या: बारांसह, बारांशिवाय, आणि नुसती मोटार. पुढच्या ॲक्सलचे तीन आकडे शेजारी ठेवले की मडगार्डच्या मापातली चूक लगेच उघडी पडते.

सामान बदललं, दुसऱ्या गाडीला ट्रेलर जोडला किंवा हिच जुना विकत घेतला, की ही मापं पुन्हा शून्यापासून घ्यावी लागतात. जुन्या हिचमध्ये बारांच्या टोकांची झीज, साखळीच्या कड्यांची लांबट झालेली भोकं आणि हेडच्या वेल्डिंगजवळचे तडे आधी पाहा. बारावरचा आकडा पुसला गेला असेल तर तो घेऊ नका. जाडी पाहून क्षमता ओळखता येत नाही.